कुरुवी वाद्यार आणि त्यांचे दळवी

वासुदेवराव मला पहिल्यांदा दिसले ते पाय पुसताना. आमच्या सामानाचा टेम्पो गल्लीत अडकला होता, मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, हमाल तमिळमध्ये काहीतरी विचारत होते आणि मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ज्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता, ते गृहस्थ मात्र घरापुढच्या ओट्यावर बसून, नुकतेच धुतलेले पाय पंच्याने बोटाबोटांतून कोरडे करत होते. ते झाल्यावर त्यांनी खिशातून निळं आंतर्देशीय पत्र काढलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "या, बसा. थोडें थांबाल काय? दळवी आलेत."

मी इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने, अंबुजामामींनी, हसून त्या पत्राकडे बोट दाखवलं.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. यजमानांची बँकेतली बदली साताऱ्याहून थेट तंजावूरला झाली होती. तिथे मराठी बोलणारं घर भाड्याने मिळतंय, एवढ्यावरच मी यायला तयार झाले होते. मराठी होती, पण ती समजायला मला महिना लागला. "जाहलें", "मज", "अस्की मिळून", "बेस आहे" अशी वाक्यं तमिळच्या हेलात यायची. तंजावूरच्या त्या मराठी घराण्यांना तिथे येऊन किती पिढ्या झाल्या, याचा हिशेब त्यांनाही नव्हता.

वासुदेवराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. आम्ही गेलो त्याच्या थोडंच आधी ते निवृत्त झाले होते. गावात त्यांना 'कुरुवी वाद्यार' म्हणत. कुरुवी म्हणजे चिमणी आणि वाद्यार म्हणजे मास्तर. या नावात मानही नव्हता आणि टिंगलही नव्हती. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी ते स्वीकारलेलं होतं. अंगाने काटकुळे, लुंगीसारखी वेष्टी जरा वर नेसलेली, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत जुनी दुर्बीण. चालताना नजर वर, झाडात किंवा तारांवर. त्यामुळे पायाला सतत ठेच लागायची आणि एका ना एका बोटाला चिंधी असायचीच. पाय पुसण्याची ती काळजी त्यातून आलेली.

तिरुवैयारूच्या बसमध्ये तिकीट शेवटपर्यंतचं काढत, पण वाटेत शेतात काही दिसलं की उतरून जात. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो त्यांना विचारायचा, आज पुरा प्रवास की अर्धा? हे ते स्वतःच मला कौतुकाने सांगत. यजमानांच्या बँकेचे साहेब त्यांना एकदा म्हणाले की एवढं पाहता तर पुस्तक लिहा. त्यावर ते म्हणाले की पुस्तक अस्की, म्हणजे सगळ्या, लोकांसाठी लिहावं लागतं, आणि अस्की लोक कोण ते आपल्याला ठाऊक नाही. दळवी ठाऊक आहेत, म्हणून दळवींना लिहितो.

दळवी म्हणजे नौदलातले कमांडर दळवी, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. दोघांची ओळख झाली तेव्हा दळवी नुकतेच अधिकारी झालेले होते आणि वासुदेवराव नुकतेच मास्तर. बंगालच्या उपसागरात जहाजाच्या डेकवर एक दमलेला, अनेक रंगांचा, आखूड शेपटीचा पक्षी येऊन बसला, खलाशांनी त्याला पाणी पाजलं आणि सकाळी तो उडून गेला, असं एक पत्र दळवींनी इंग्रजी वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पानात लिहिलं होतं. हा कोण असेल, असं विचारलं होतं. वासुदेवरावांनी वर्तमानपत्रामार्फत उत्तर धाडलं. तो नवरंग. थंडीच्या तोंडाशी तो उत्तरेकडून आमच्या बाजूला आणि पुढे सिंहलात उतरतो. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास ओरडतो म्हणून इथले लोक त्याला सहाची चिमणी म्हणतात. तुमच्या खलाशांना माझा नमस्कार सांगा.

उत्तर आलं, त्याला उत्तर गेलं. पुढे कधीतरी वासुदेवरावांनी सहज लिहिलं की आमच्या घरी मराठी बोलतात. लगेच दळवींचं पत्र मराठीत आलं, आणि इथे पंचाईत झाली. वासुदेवरावांना देवनागरी वाचता येत नव्हती. शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतलं, मराठी फक्त तोंडातली. इंग्रजीतच लिहा, असं कळवणं सोपं होतं. पण ते पत्र घेऊन ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पुराणिकांकडे गेले. त्यांनी पत्र वाचून दाखवलं. घरी येऊन वासुदेवराव मामींना म्हणाले, "पत्र बेस आहे, पण आवाज त्यांचा नाहीं." मग लहान मुलांची अंकलिपी मागवून ते अक्षरं शिकले. त्यांचं देवनागरी अक्षर शेवटपर्यंत तमिळसारखं गोल आणि सुटं राहिलं. शब्दांवर रेघ द्यायला ते विसरत आणि सगळं पत्र लिहून झाल्यावर पट्टी घेऊन एकदम सगळ्या रेघा मारत.

मामींची यावरची तक्रार ठरलेली होती. "लग्न जाहल्यापासून मजशीं जितकें बोलले नाहींत, तितकें त्या दळवींस लिहितात." तक्रार करता करता पत्राला लावायला खळ मात्र त्याच करून देत.

पत्राबद्दल वासुदेवरावांचा एक नियम होता. रिकामं पत्र टाकू नये. त्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट हवी. ती मिळेपर्यंत ते लिहायला बसत नसत. दळवींनीही तो नियम पाळला. जहाज कुठे आहे हे त्यांना लिहिता येत नसे, म्हणून ते पाण्याचा रंग लिहीत, पाण्यावरचे पक्षी लिहीत, आणि वासुदेवराव त्यावरून जहाज कुठे असेल याचा अंदाज करून गप्प बसत. युद्धाच्या साली खूप दिवस पत्र आलं नाही. मामी सांगत की त्या काळात यांचं जेवणावर लक्ष नव्हतं, रेडिओवरच्या बातम्या मात्र ते ऐकत नसत. बातमीत माझा मनुष्य नाही, म्हणत. अखेर पत्र आलं ते दोन ओळींचं. समुद्रावर कुरव पुष्कळ आहेत. मी ठीक. वासुदेवरावांनी त्यावर चार पानी उत्तर लिहिलं, सगळं कुरव नावाच्या त्या समुद्रपक्ष्यांबद्दल.

इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. फोटोही मागितला नव्हता. दळवींची पत्नी गेली तेव्हा जावं असं वासुदेवरावांच्या मनात आलं होतं, पण कॉलेजच्या परीक्षा होत्या आणि नंतर जाण्यात अर्थ नव्हता, असं ते म्हणाले.

आम्ही तिथे असतानाच घरात फोन बसला. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ झालं होतं, घराघरांवर केबलच्या तारा आल्या होत्या आणि बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांसाठी फोन घेतला. वासुदेवरावांनी नंबर कळवला होता, त्यामुळे एका रविवारी दळवींचा फोन आला. मी मामींबरोबर भाजी निवडत होते. वासुदेवराव उभे राहून, फोन दोन्ही हातांनी धरून बोलत होते. बरे आहात ना, बरा आहे, पाऊस पडला काय, इकडे नाही. मग बराच वेळ दोन्हीकडे शांतता. शेवटी, बरं ठेवतो, म्हणून त्यांनी फोन ठेवला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे दळवी नव्हेत."

मामी हसल्या. ते हसले नाहीत. पुन्हा दोघांनी एकमेकांना फोन केला नाही.

नौदलातून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी दळवींचं पत्र आलं की त्यांनी एका खाजगी कंपनीत नोकरी धरली आहे. कोळंबीची शेती करून ती परदेशी पाठवणारी कंपनी. त्या काळात अशा कंपन्या किनाऱ्यावर भराभर उभ्या राहत होत्या. कामासाठी आपल्याला तुमच्याच किनाऱ्यावर यायचं आहे, तेव्हा तंजावूरला उतरेन, असं त्यांनी लिहिलं होतं. वासुदेवरावांनी ओट्याला चुना लावून घेतला. मामींना काय काय करायचं ते सांगितलं, मग ते बदललं, मग पुन्हा पहिलंच सांगितलं. गाडीच्या वेळेच्या किती आधी ते स्टेशनवर गेले, ते मामींनी गल्लीभर सांगितलं.

मला वाटलं होतं की कमांडर म्हणजे उंच, मिशीवाले असतील. आले ते बुटके, टक्कल पडलेले, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. दोघे ओट्यावर बसले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा दोघे रस्त्याकडे बघत होते. परत पेले न्यायला गेले तेव्हाही तसेच. जेवणं झाली, विश्रांती झाली. दुपारी दळवी मामींना म्हणाले, थोडे कागद मिळतील का? आतल्या खोलीत बसून त्यांनी एक पत्र लिहिलं, घडी केली आणि मामींच्या हाती ओट्यावर पाठवलं. वासुदेवरावांनी पाय धुतले, पुसले, पत्र वाचलं आणि तिथेच उत्तर लिहायला घेतलं. अशी तीन-चार पत्रं आत-बाहेर झाली. संध्याकाळी मात्र दोघांच्या बोलण्याचा आवाज वर आमच्या गॅलरीत येऊ लागला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो थांबला नाही. त्या संध्याकाळी मामी मला हळूच म्हणाल्या की लग्नानंतर यांना इतकं हसताना आपण पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दळवींनी कामाचं सांगितलं. वेदारण्यमच्या बाजूला कंपनीने मोठी जागा भाड्याने घेतली होती. तिथे कोळंबीची तळी खोदायची होती. सरकारकडे एका जाणकार माणसाचा अभिप्राय द्यायचा होता, की ही नुसती खारवट ओसाड जमीन आहे, तळी केल्याने काही नुकसान नाही. दळवींनी मोठ्या खुशीत कंपनीच्या साहेबांना सांगून टाकलं होतं की माझा माणूस तिथेच आहे.

वासुदेवरावांनी हातातला पेला खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, ती जागा तुम्ही पाहिली काय? दळवी म्हणाले, नकाशावर पाहिली. तेव्हा, चला पाहून येऊं, एवढंच म्हणून वासुदेवरावांनी पिशवी उचलली.

दोघे परत आले ते दिवस कलल्यावर. कपड्यांवर गुडघ्यापर्यंत चिखल होता. मामी पाणी द्यायला पुढे झाल्या आणि मी त्यांच्या मागे उभी होते. दोघांनाही आमचं भान नव्हतं.

"वासुदेवराव, चिखल आहे तो," दळवी म्हणाले. "मी काय खोटं बोललो?"

"चिखलच आहे. त्या चिखलावर मी तुम्हांस किती पत्रें लिहिलों, दळवी. हिवाळ्यांत येणारे ते रोहित पक्षी, ते तुतारी पक्षी, ते कुरव. अस्की तेथलेंच. तुम्ही तें वाचलात."

दळवी ओट्याच्या कडेवर टेकले. "वाचलं. पण मला वाटायचं, ती जागा मोठी सुंदर असेल."

मग तेच पुढे बोलू लागले. आपण नोकरी पैशासाठी धरली नाही. बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. किनाऱ्यावर बसून समुद्राकडे बघत राहणं त्यांना जमेना. कंपनीने पुन्हा समुद्राचं काम दिलं, माणसं दिली. शिवाय त्या गावांत रोजगार येणार होता, आणि तो पक्ष्यांपेक्षा लहान नव्हता.

वासुदेवरावांनी ते सगळं ऐकून घेतलं. रोजगाराचं खरं आहे, म्हणाले. त्या गावच्या विहिरींचं पाणी खारं होईल, हेही खरं आहे. मग म्हणाले, "अभिप्राय मी देणार नाहीं. आणि कोण्ही विचारलें तर जें पाहिलों तें सांगेन."

दळवी रात्रीच्या गाडीने गेले. मामींनी बांधून दिलेला दहीभात त्यांनी नमस्कार करून घेतला. वासुदेवराव स्टेशनवर पोचवायला गेले होते. दोघे काय बोलले ते कधी कळलं नाही.

आणि कोणीतरी खरंच विचारलं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी तक्रार केली होती. त्यांचा पुढारी मारिमुत्तु नावाचा कोळी होता. त्याने ऐकलं होतं की इतकी वर्षं चिखलात उभा राहणारा एक मास्तर तंजावूरला आहे. सरकारी कचेरीत दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायचा दिवस ठरला. वासुदेवरावांबरोबर माझे यजमान गेले होते, त्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं. टेबलाच्या पलीकडे कंपनीच्या माणसांत दळवी बसले होते. वासुदेवराव तासभर बोलले. कुठला पक्षी कधी येतो, काय खातो, भरतीचं पाणी कुठवर जातं, विहिरी कुठे आहेत. कंपनीच्या वकिलाने मधेच विचारलं, कमांडर दळवींना तुम्ही ओळखता का?

वासुदेवराव म्हणाले की ते माझे सगळ्यांत जवळचे मित्र आहेत.

मग ते खोटं बोलतात, असं तुमचं म्हणणं आहे का?

"नाही," वासुदेवराव म्हणाले. "त्यांना जे सांगितलं गेलं ते ते सांगतात. मी जे पाहिलं ते सांगतो." हे ते इंग्रजीत म्हणाले. यजमान म्हणत की दळवींनी तेव्हा मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

परवानगी मिळायची ती मिळालीच. तळी खोदली गेली, बांध उभे राहिले, पंप बसले. त्या हिवाळ्यात रोहित पक्षी आले, वरून घिरट्या घालून दक्षिणेकडे गेले. आणि दळवींची पत्रं बंद झाली.

वासुदेवराव लिहीत राहिले. पूर्वीसारखंच, काही पाहिलं की लिहायचं. त्या तळ्यांबद्दल त्यांनी अवाक्षर लिहिलं नाही. कावेरीच्या बांधावरचा खंड्या, पापनाशमच्या भातशेतात उतरलेले काळे शराटी, मंदिराच्या भिंतीतले पोपट. उत्तर येत नव्हतं. मामींचा जीव तुटायचा. एक दिवस त्या रागाने म्हणाल्या की दगडाला पत्रं लिहिता तुम्ही. ते शांतपणे म्हणाले, "रागावले आहेत. मेले नाहींत."

याच काळात त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याने धुकट दिसायचं. ओळी एकमेकींवर चढू लागल्या, तेव्हा मी त्यांना जाड काळ्या पेनने रेघा मारलेले कागद करून देऊ लागले. त्यांना दिसण्यासारखं थोडंच उरलं होतं, म्हणून ते ऐकू लागले आणि पत्रात ऐकलेलं लिहू लागले. नियम थोडा वाकवला, असं मला म्हणाले. दळवी समजून घेतील.

पुढे किनाऱ्यावरच्या तळ्यांत रोग पडला. एकेका तळ्यातली कोळंबी एका आठवड्यात मरू लागली. वर्तमानपत्रात बातम्या येत, मारिमुत्तु येऊन सांगून जाई. तशातच एका सकाळी मी खाली दूध घ्यायला गेले, तर ओट्यापुढे दळवी उभे होते. हातात एक बॅग, दाढी वाढलेली. वासुदेवराव ओट्यावरच होते, पण कोण आलंय ते त्यांना दिसत नव्हतं.

"मी दळवी," ते म्हणाले. "लिहायचा धीर झाला नाही, म्हणून आलो."

वासुदेवराव उठू लागले. दळवींनी त्यांना हाताने थांबवलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं. मेलेल्या तळ्यांचं पाणी खाडीत सोडून द्या, असा वरून हुकूम आला. त्यांनी तळ्याचं फाटक उघडू दिलं नाही, दिवसभर तिथे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस आला आणि त्याने उघडलं. खाडीतले मासे वर आले. दळवींनी नोकरी सोडली. "माझ्या उभं राहण्याने काहीच वाचलं नाही, वासुदेवराव. तुम्हाला हे सांगायचं होतं. बाकी काही मागायला आलो नाही."

वासुदेवरावांनी हात पुढे करून त्यांची बाही शोधली आणि धरली. म्हणाले, "जेवण जाहलें काय?"

सकाळचे सात वाजले होते. दळवी हसले, आणि हसता हसता त्यांनी बॅग खाली ठेवली. मामींनी पान वाढायला घेतल्याचा आवाज आतून आला.

दळवी आठवड्यासाठी आले होते, ते राहिले. कंपनी गुंडाळली गेली होती. भाड्याची जमीन गावाकडे परत आली, पण तिचा काही उपयोग नव्हता. बांधांनी वेढलेली, कोरडी, वर मिठाची पांढरी पापडी. तिथे आता चिखलही उरला नव्हता. वासुदेवराव रोज त्याबद्दल बोलत आणि दळवी ऐकत. मग एक दिवस दळवी एकटेच गेले आणि मारिमुत्तुच्या घरी राहिले. काठ्या रोवून ते भरतीचं पाणी मोजत होते. त्या किनाऱ्यावर भरती फार लहान, वीत-दोन वीत. बांध कुठेही फोडून चालणार नव्हता. खाडीचा उतार पाहून नेमक्या जागी फोडला तरच पाणी आत जाईल आणि परत येईल. जन्मभर भरती-ओहोटीवर जहाजं नेलेल्या माणसाचं ते काम होतं. गावकऱ्यांना पटायला वेळ लागला. ज्याने तळी आणली तोच आता बांध फोडा म्हणतो, हे त्यांनी दळवींना तोंडावर ऐकवलं. दळवींनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठ्या घेऊन गेले. शेवटी मारिमुत्तुनेच फावडं उचललं.

आमची तोपर्यंत नागपूरला बदली झाली होती. सामान पुढे गेलं होतं. जायच्या आदल्या दिवशी मामी म्हणाल्या की एवढी वर्षं ऐकलंत, एकदा बघून तरी जा. म्हणून दुसऱ्या दिवशी निघताना मामींना बरोबर घेऊन आम्ही गाडी करून आधी तिथे गेलो.

तिकडचा ईशान्येचा पाऊस संपून दोन महिने झाले होते. आम्ही पोचलो तेव्हा बांधाला खाच पाडून झाली होती, गावकरी फावडी टेकून उभे होते. पलीकडे खाडी भरत होती. आतल्या बाजूला नजर जाईल तिथवर कोरडी पांढरी जमीन आणि तिच्यावर एकही पक्षी नव्हता. वासुदेवराव वेष्टी गुडघ्यांवर खोचून खाचेच्या आतल्या बाजूला उकिडवे बसले होते. एक हात जमिनीवर पालथा ठेवलेला. शेजारी दळवी उभे, पँट दुमडलेली, बूट हातात.

पाणी आलं ते अगदी पातळ. मिठाच्या भेगांतून आधी एक ओली रेघ पुढे सरकली, मग तिच्यामागे दुसरी. वासुदेवरावांच्या बोटांना ते लागलं. त्यांनी दुसऱ्या हाताने दळवींना खाली ओढलं. दळवी खाली बसले आणि त्यांनी बूट बाजूला ठेवून आपलाही हात तिथे ठेवला.

मामींनी मला कुंकू लावलं, गाडीवाल्याने दोनदा हाक मारली. मी हात हलवला, पण त्या दोघांनी वर पाहिलं नाही. आमची गाडी बांधावरून वळली तेव्हा ते तसेच बसले होते, आणि पाणी त्यांच्या मागे बरंच आत गेलं होतं.